मानसिक आरोग्याचा पैसा: वेगळा ठेवावा की आरोग्यसेवेत मिसळावा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: आपल्या देशात मानसिक आरोग्यासाठी निधी वेगळा राखून ठेवावा, की तो सर्वसाधारण आरोग्य निधीत मिसळून प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनच ही सेवा द्यावी? आणि मिसळला, तर माता-बालआरोग्य, क्षयरोग, मधुमेह यांच्या गर्दीत तो हरवून जाणार नाही का? एका संस्थेसाठी जिल्हा पातळीवरचं टिपण लिहीत असल्याचंही तुम्ही म्हटलं आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयात आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम केलं आहे, तेव्हा तिथून जे दिसतं तेच सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सेवा एकत्र असाव्यात, हिशेब मात्र वेगळा असावा. पण एवढ्यावर थांबलो तर तुमच्या टिपणाला काही उपयोग होणार नाही, कारण खरी अडचण एक पायरी खाली आहे. रुग्ण पहिल्यांदा आला तेव्हाचा खर्च व्यवस्था कसाबसा उचलते. त्याच्या तिसऱ्या, पाचव्या, नवव्या भेटीचा खर्च कुणाच्या नावावर पडतो? वेगळा निधी असो की एकत्र, या प्रश्नाचं उत्तर कागदावर नसेल तर रुग्ण गळतो.

एकत्रीकरणाचा निर्णय काही नवा नाही. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला तेव्हाच मानसिक आरोग्यसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेतून द्यायची असं ठरलं होतं. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ ते १९९० या काळात तसं करूनही दाखवलं: प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवलं, औषधं तिथेच ठेवली, दरमहा आढावा घेतला. त्याच धर्तीवर १९९६ साली चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि आज तो ७०० हून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर हा हक्कच केला. कलम १८ प्रमाणे प्राथमिक, द्वितीय आणि तृतीय अशा सगळ्या पातळ्यांवर ही सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घेणं सरकारवर बंधनकारक आहे, आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधं सरकारी केंद्रांत मोफत आणि कायम उपलब्ध असली पाहिजेत.

तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात काय दिसलं? प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. (हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. टिपणात आकडा वापराल तेव्हा हे लिहा, नाहीतर बैठकीत कुणीतरी हमखास बोट ठेवतं.) त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा फारशी होत नाही. मानसिक आजार असलेल्या घरांना उपचार आणि प्रवास यांवर महिन्याला साधारण १,००० ते १,५०० रुपये स्वतःच्या खिशातून घालावे लागत होते. मजुरीवर चालणाऱ्या घराला हे महिनोन्महिने झेपत नाही. डॉक्टर लिहितात, ‘रुग्णाने उपचार सोडले.’ खरं म्हणजे त्या घराकडचे पैसे संपलेले असतात.

आता आजाराचा काळ आणि पैशाचा काळ शेजारी ठेवून पाहा. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती किमान ६ ते ९ महिने चालू ठेवावी लागते. स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवीय आजारात (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) वर्षानुवर्षं. यातल्या बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. जे होतात तेही काही आठवड्यांपुरते. म्हणजे खर्च सगळा ओपीडीत, गोळ्यांत, प्रवासात आणि कुणीतरी पाठपुरावा करण्यात आहे. उलट आपले मोठे पैसे दाखल होण्याशी बांधलेले आहेत. २०१८ पासूनची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर; ओपीडी तिच्यात नाही. कायद्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायचं आहे. तत्त्व म्हणून ते फार मोलाचं आहे आणि त्यासाठी अनेकांनी झगडून काम केलं आहे. पण बहुतेक पॉलिसीही दाखल होण्यावरच बेतलेल्या असल्याने दर महिन्याला गोळ्या न्यायला येणाऱ्या माणसाच्या हातात त्यातून फारसं काही पडत नाही. म्हणून ‘विम्यात मानसिक आरोग्य आलं, आता निधीचा प्रश्न सुटला’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार देश सरासरी आपल्या आरोग्य खर्चाच्या २ टक्क्यांपेक्षा कमी रक्कम मानसिक आरोग्यावर घालतात, आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलाही ७० टक्क्यांहून अधिक भाग मनोरुग्णालयांत जातो.

केंद्रीय अर्थसंकल्पातही तेच चित्र आहे. २०२४-२५ मध्ये थेट मानसिक आरोग्याच्या नावावर दिसणारी रक्कम साधारण १,००० कोटी रुपये होती. त्यातले ८५० कोटी निमहान्सला, ६४ कोटी तेजपूरच्या लोकप्रिय गोपीनाथ बोर्दोलोई संस्थेला आणि ९० कोटी टेली-मानस या दूरध्वनी सल्ला सेवेला. निमहान्ससारखी संस्था हवीच; आमच्यासारख्या कितीतरी जणांना तिथल्याच लोकांनी घडवलं आहे. पण तालुक्यातल्या रुग्णापर्यंत पोचणारा पैसा या यादीत दिसतच नाही. तो राष्ट्रीय आरोग्य अभियानात, असंसर्गजन्य आजारांच्या एकत्रित निधीत, मधुमेह आणि रक्तदाबाच्या सोबत बसतो. तुमची ‘हरवून जाईल’ ही भीती त्यामुळे अगदी रास्त आहे. जिल्ह्यात वर्षभरात मानसिक आरोग्यावर नेमके किती रुपये खर्च झाले, हे विचारून पाहा. उत्तर मिळायला वेळ लागेल, कारण पगार एका खर्चशीर्षाखाली, औषधं दुसऱ्या आणि प्रशिक्षण तिसऱ्याच शीर्षाखाली असतं.

महाराष्ट्रात एक गाठ आणखी आहे, ती बाहेरच्याला पटकन दिसत नाही. जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली येतात. प्राथमिक केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या. मानसिक आरोग्याचं पथक बसतं जिल्हा रुग्णालयात. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, सगळे तिथे. आणि ज्या केंद्रांत ही सेवा मिसळायची आहे ती दुसऱ्या कार्यालयाकडे. त्यामुळे पथकाने केंद्रात जाऊन शिबिर घेतलं तर गाडी कुणाची, केंद्रातल्या फार्मासिस्टने मानसिक आजारांच्या गोळ्यांची मागणी कुणाकडे नोंदवायची, वैद्यकीय अधिकाऱ्याने रुग्ण पाहिल्याचा अहवाल कुणाला द्यायचा, अशा बारीक गोष्टींवर एकत्रीकरण अडतं. चांगल्या नात्यातल्या दोन अधिकाऱ्यांच्या जिल्ह्यात हे काम सुरळीत चाललेलं मी पाहिलं आहे, आणि एकाची बदली झाल्यावर थांबलेलंही. नात्यांवर चालणारी गोष्ट लेखी आदेशावर आणायला पैसे लागत नाहीत, ही त्यातली जमेची बाजू.

न खर्चलेल्या पैशांबद्दलही थोडं. पदं कंत्राटी, करार ११ महिन्यांचे, पगार खाजगी प्रॅक्टिसच्या मानाने कमी. म्हणून जागा रिकाम्या राहतात. जागा रिकामी म्हणून पगाराची रक्कम पडून राहते आणि पुढच्या वर्षी ‘मागचंच खर्चलं नाही’ म्हणून मंजुरी घटते. वरून पाहणाऱ्याला वाटतं, पैसा आहे, मागणीच नाही. ओपीडीबाहेरची रांग पाहणाऱ्याला असं कधीच वाटणार नाही. म्हणूनच केवळ ‘निधी वाढवा’ ही मागणी मला अपुरी वाटते. ज्या रकमेने माणूस टिकतो, ती रक्कम आधी वाढवायला हवी.

तर पैसा कशावर घालावा? माझ्या अनुभवात तीन गोष्टींनी फरक पडतो, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

सगळ्यात आधी औषध खंडित न होणं. फ्लुओक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, सोडियम व्हॅल्प्रोएट ही काही महागडी औषधं नाहीत. पण पंधरा दिवस गोळी मिळाली नाही आणि सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराचा) स्थिर रुग्ण पुन्हा कोसळला, तर त्याला सावरायला महिने जातात आणि घरच्यांचा सरकारी दवाखान्यावरचा विश्वास कायमचा उडतो. मागणी मागच्या वर्षीच्या वापरावर ठरते आणि मागच्या वर्षी साठाच नव्हता म्हणून वापर कमी दिसतो. हे चक्र तोडायचं तर मागणी नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवर बांधावी लागते. माझ्या हातात एकच गोष्ट बदलायची मुभा असती, तर मी हीच निवडली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाच्या मागे राहणारा एक माणूस. तो डॉक्टर नसला तरी चालतो, बऱ्याचदा नसलेलाच बरा. त्याच्याकडे नोंदवही असते, कोण आलं नाही हे त्याला कळतं, तो फोन करतो, घरच्यांशी बोलतो, साधं समुपदेशन करतो. हे माझ्या मनातलं स्वप्न नाही, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगाथ या संस्थेने प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांना प्राथमिक दवाखान्यांत बसवलं. २०१० साली आलेल्या त्या अभ्यासात सरकारी केंद्रांतले नैराश्याचे आणि चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, हेही तितकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१७ साली त्याच गटाने ६ ते ८ बैठकांचा एक छोटा मानसोपचार असाच सामान्य समुपदेशकांकडून देऊन त्याचा उपयोग दाखवला. आणि आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, १८ महिन्यांनी २७.२ टक्के. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात हे घडलं, म्हणून मला ते फार मोठं वाटतं.

हे काम आशाताईंवर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. ३० वर्षांवरील लोकांची सामुदायिक तपासणी सूची त्या आधीच भरतात आणि तिच्यात नैराश्याचे दोन प्राथमिक प्रश्नही आहेत. विचारणं त्यांनी करावं, ते त्या उत्तम करतात. पण उत्तर ‘हो’ आलं तर पुढे पाठवायला कुणी नसेल, तर त्या बाईच्या गळ्यात दुसऱ्याचं दुःख बांधून आपण निघून जातो. पुढची जागा तयार नसताना तपासणी वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट, देखरेख. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन आपण मोकळे होतो. तीन दिवसांत आजार ओळखता येतो, पण पहिल्या गोळीने रुग्णाला मळमळलं आणि तो चिडून परत आला की काय करायचं, हे कुणीतरी फोनवर सांगणारा लागतो. मानसोपचारतज्ज्ञाचा आठवड्यातला एक अर्धा दिवस फक्त अशा फोनसाठी आणि केंद्रांच्या नोंदवह्या पाहण्यासाठी राखून ठेवला, तर तो स्वतः तेवढ्या वेळात जितके रुग्ण तपासेल त्यापेक्षा किती तरी जास्त लोकांना मदत होते. अडचण एवढीच की आमच्या कामाची मोजणी तपासलेल्या रुग्णांवर होते, फोनवर होत नाही.

सगळं मात्र प्राथमिक केंद्रात उतरवता येत नाही. द्विध्रुवीय आजारावरचं लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी तपासणारी प्रयोगशाळा हवी. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी लागते. पहिल्यांदाच सायकोसिस झालेला तरुण, बाळंतपणानंतरचा गंभीर आजार, आत्महत्येचा तीव्र धोका, हे जिल्हा पातळीवरच पाहावं. केंद्राने सौम्य-मध्यम नैराश्य, चिंता, दारूच्या व्यसनाचं पहिलं समुपदेशन आणि स्थिर झालेल्या जुन्या रुग्णांच्या गोळ्या सांभाळल्या तरी जिल्हा रुग्णालयावरचा भार पुष्कळ हलका होतो.

इथवरचं एका दमात: रक्कम अपुरी आहेच, पण आहे ती दाखल होण्याशी आणि पहिल्या भेटीशी बांधलेली आहे, आणि जिल्ह्यात ती दोन कार्यालयांच्या मधल्या फटीत अडकते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथल्या मानसोपचार विभागाला तालुके वाटून देता येतात. नसेल, आणि जिल्ह्यात एकच तज्ज्ञ असेल, तर माणसं शोधत बसण्यापेक्षा दूरध्वनी सल्ल्यावर भर द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासूनची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे. पण तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा फोनवर सांगितलेली गोळी जवळच्या केंद्रात मिळते. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, ०.७५ हा नेहमी दिला जाणारा आकडा आहे. कायद्याच्या कलम ३१ मध्ये मनुष्यबळ दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करायचं म्हटलं आहे. कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला, म्हणजे ती मुदत २०२८ची. शहरांत गणित पुन्हा वेगळं, कारण तिथे महापालिकेचे दवाखाने आहेत आणि त्यांचा पैसा निराळा.

‘हिशेब वेगळा’ म्हणजे काय, यासाठी दोन देशांकडे पाहावं. इंग्लंडमध्ये सेवा राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या आतच आहे, पण स्थानिक मंडळांनी मानसिक आरोग्यावरचा खर्च एकूण निधीवाढीच्या किमान प्रमाणात वाढवलाच पाहिजे असा निकष लावला गेला. चिलीने दुसरी वाट धरली. त्यांच्या आरोग्य हमी कायद्यात २००५ मध्ये स्किझोफ्रेनिया आणि २००६ मध्ये नैराश्य आलं, आणि ठरावीक मुदतीत उपचार मिळणं हा नागरिकाचा दावा झाला. मला चिलीची पद्धत अधिक भावते, कारण तिथे हमी पैशाच्या आकड्याला नाही, उपचाराला जोडली आहे. आपल्या कलम १८ मध्येही बीज आहे: जिल्ह्यात किमान सेवा मिळत नसेल तर रुग्णाने त्याच जिल्ह्यात इतरत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा आहे. तो कुणी फारसा मागत नाही.

एकत्रीकरणाचा फायदा उलट दिशेनेही आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर मरतात आणि त्यातले बरेचसे मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढते. रुग्ण मधुमेह-रक्तदाबाच्या ओपीडीतच आला तर तिथेच साखर तपासली जाते. असंसर्गजन्य आजारांच्या निधीत मानसिक आरोग्य बसवल्याबद्दल मी वर तक्रार केली, पण या एका कारणासाठी ती जागा योग्यही आहे.

तुमच्या टिपणात मग काय मागावं? राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा, म्हणजे पीआयपी, सध्या दोन वर्षांचा असतो, तेव्हा मागणी त्याच्या आधी पोचायला हवी. तिच्यात मानसिक आरोग्याचा सगळा खर्च, कोणत्याही शीर्षाखाली असला तरी, एका पानावर दाखवण्याची मागणी करा. दर तालुक्याला पाठपुराव्यासाठी एक पगारी माणूस मागा. आणि कामगिरीचे आकडे बदलून घ्या: शिबिरं किती झाली याऐवजी, नोंदलेल्यांपैकी ६ महिन्यांनी किती जण उपचारात आहेत आणि वर्षात किती दिवस कोणती गोळी संपलेली होती. हे दोन आकडे ठेवायला वेगळं संगणकीय काम लागत नाही, नोंदवही पुरते.

हे टिपण एकाच अधिकाऱ्याकडे देऊ नका. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं जिल्ह्यातलं काम पाहणाऱ्या जिल्हा एकात्मिक आरोग्य व कुटुंब कल्याण सोसायटीच्या बैठकीत ते विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी दोघेही समोर असतील आणि गाडी, गोळ्या आणि अहवाल कुणाकडे हे तिथेच इतिवृत्तात लिहून घेता येईल.